मदत हवी आहे : भाच्याची पानथरी वाढली, आता पुढं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले. भाचा ११ वर्षांचा. रोवण्याच्या दिवसांत त्याला दोनदा थंडीताप आला, तेव्हापासून पोरगं चार घास खाऊन ताट सरकवतं. डाव्या फासळीखाली हाताला गोळा लागतो. सोनोग्राफीत प्लीहा म्हणजे पानथरी १५ सेंमी, हिमोग्लोबिन ७.८. मलेरियाची टेस्ट निगेटिव्ह आली, पण गोळ्या आधीच सुरू होत्या, म्हणून माझा तिच्यावर भरवसा नाही. सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) सोल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक चाचणी मात्र पॉझिटिव्ह. वाहक की रुग्ण हे तिच्यातून कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची तपासणी लागते म्हणे.

आजी तर पोटावर डागणी द्यायला निघाली होती! कसंबसं थांबवलं.

एचपीएलसी गडचिरोलीत होते की नागपूरच गाठावं लागेल? मलेरियासाठी रक्ताची स्लाइड परत काढावी का? पानथरीला मार लागला तर फुटू शकते, म्हणून कबड्डी बंद केली आहे. पोरगं रुसून बसलंय. आणि सिकलसेलच्या लेकरांत पानथरीत अचानक रक्त अडकतं असं वाचलं, तर काय दिसलं की रात्रीच गाडी काढायची? ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया सांगा.