विषय: लॅब्राडोर घेऊन बेळगावला येतेय, सकाळचं फिरणं जमेल का?

प्रेषक: हिंदवाडीची लेक (सध्या मेलबर्न)

मंडळी, नमस्कार.

जानेवारीत आम्ही इथलं आवरून कायमचे हिंदवाडीला येतोय. आई-बाबांना आता एकटं ठेवणं बरं नाही. सोबत आमची चार वर्षांची लॅब्राडोर आहे, बिस्किट. विमानाचे कागद एजंट बघतोय, त्याची काळजी नाही. काळजी आहे आरपीडी क्रॉसकडच्या गल्ल्यांतल्या कुत्र्यांची. भाऊ म्हणतो, काठी घेऊन जा. आई म्हणते, गच्चीवरच फिरव. इथं आम्ही तिला बागेत मोकळं सोडतो, हाक मारली की येते, कुणाच्या अंगावर जात नाही. तिकडं कुणी रोज कुत्रा फिरवतं का? कसं काय जमवता?

प्रेषक: टिळकवाडीकर (मंडळाचा जुना सभासद)

ताई,

मी फिरवतो की. मेलबर्न सोडल्यापासून रोज दोन वेळा. माझ्याकडं बीगल आहे.

बिस्किट किती शहाणी आहे याला इथं फार किंमत नाही. ती कुणाच्या हद्दीतून चाललीय ते महत्त्वाचं. गल्लीगल्लीत तीन-चार जणांची टोळी असते आणि तिची हद्द एखाद्या विजेच्या खांबाशी नाहीतर पानपट्टीशी संपते. आपल्या सीमाप्रश्नावर महाजन आयोग बसला तरी गाडं जागचं हललं नाही, यांचा निकाल मात्र रोज सकाळी खांबापाशी लागतो. टोळी भुंकत तिथवर पोचवायला येते आणि माघारी वळते.

म्हणून आल्यावर पहिले काही दिवस बिस्किटला घरात ठेवून तुम्ही एकट्याच फिरा. कोण कुठं बसतंय, कुणाला पिल्लं आहेत, कोण नुसताच ओरडतो, कोण आवाज न करता मागून येतो, बघून ठेवा. गप्प येणाऱ्याला जास्त भ्यायचं. दूधवाला आणि पेपरवाला, या दोघांना विचारलं तर सगळा नकाशा मिळतो. ज्यांच्या कानाचं टोक कापलेलं दिसेल त्यांची नसबंदी झालेली असते. २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातही पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून त्याच भागात परत सोडायला सांगितलंय. तेव्हा हीच मंडळी तुमचे शेजारी. ओळख करून घ्यावीच लागेल.

आता दोरी. पाच-सहा फुटांची, जाड कापडी आणा. बटण दाबलं की लांबत जाणारी तिकडंच कुणाला देऊन टाका. कुत्रा पुढं, तुम्ही मागं आणि मधून दुधाच्या कॅनची मोटरसायकल, हे कुणालाच परवडायचं नाही. गळ्याच्या पट्ट्यापेक्षा छातीचा पट्टा बरा, ओढ बसली तरी गळा आवळत नाही. टोळी दिसली की आपला हात आपोआप दोरी आखडतो. तो ताण कुत्र्याला लगेच कळतो, ती छाती काढून ताठ उभी राहते आणि समोरच्यांना वाटतं भांडायलाच आलीय. त्यामुळं दोरी सैल ठेवा आणि लांबूनच वळा. समोरासमोर सरळ जायचं नाही, दुसरी कड धरायची किंवा उभ्या गाडीचा आडोसा घ्यायचा.

जवळ आलीच तर पळू नका, डोळ्यांत डोळे घालू नका. बिस्किटला मागं घ्या, स्वतः मध्ये उभ्या राहा आणि खालच्या आवाजात, ठासून, ‘हाड!’ भावाची काठी असू द्या हातात, पण जमिनीवर आपटायला. उगारली की बुजरं कुत्रंसुद्धा दात दाखवतं. अगदीच अडचण झाली तर मूठभर खाऊ त्यांच्या पलीकडं फेकून आपण निघायचं. हे रोज करू नका, नाहीतर तुमची वाट बघत बसतील.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानांकडं फिरकू नका. भाद्रपद तर माहीतच आहे. त्यात गणपतीचे फटाके आणि ढोल. तेव्हा आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री कुत्रं घरात, गळ्यात फोन नंबरची चकती. घाबरलेलं कुत्रं हाकेला ओ देत नाही, मेलबर्नचं असो की आपल्या मच्छे गावचं. व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडी छान आहे, पण सकाळी म्हाताऱ्या माणसांची गर्दी असते, त्या वेळी मी नेत नाही.

प्रेषक: शहापूरचा (सध्या पर्थ)

काकांचं सगळं पटलं, पण दुसरी बाजू कुणी बोलेना म्हणून लिहितो. माझी आई शहापुरात सकाळी देवळात जाते. तिला गल्लीतल्या कुत्र्यांइतकीच भीती पट्ट्यातल्या कुत्र्यांची वाटते. मालक लांबून हसत सांगतात, “काही करत नाही हो!” तिनं कशावर विश्वास ठेवायचा? सत्तरीच्या माणसाला लॅब्राडोरनं प्रेमानं उडी मारली तरी हाड मोडतं. समोरून माणूस आला की आपण थांबायचं, कुत्रं भिंतीच्या बाजूला घ्यायचं, त्याला आधी जाऊ द्यायचं. एवढं केलं तरी गल्ली तुमच्या बाजूनं होते. आणि घाण उचला हो! मोकळं सोडायचं तर विसराच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणं जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रेषक: मंडळातली डॉक्टर

थोडक्यात लिहिते. चावा किंवा ओरखडा, दोन्हीला साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद काहीही भरायचं नाही. त्याच दिवशी लस. दंडात घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). रक्त आलं असेल तर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते विचारून घ्या. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवतात, पण तोवर लस थांबवायची नसते. ताई, तुम्ही रोज फिरवणार असाल तर आधीच लस घेऊन ठेवा. मग पुढं चावा झाला तर ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. बिस्किटचा बूस्टरही चुकवू नका.

प्रेषक: हिंदवाडीची लेक

सगळ्यांचे आभार. आईला ‘गच्ची’ रद्द झाल्याचं कळवलंय, ती नाराज आहे. काका, एकच विचारते. पिल्लं बघून ठेवा म्हणालात, ती जानेवारीत असतात का?

प्रेषक: टिळकवाडीकर

हिशेब करा की. भाद्रपदानंतर साधारण ६३ दिवसांनी पिल्लं होतात. तुम्ही याल तेव्हा महिना-दोन महिन्यांची असतील, रस्त्यावर लुटूलुटू फिरणारी. अशा वेळी पिल्लांची आई कुणाचंच ऐकत नाही. बहुतेक अर्धवट बांधकामात नाहीतर वाळूच्या ढिगामागं असतात. तुमच्या घराचा क्रॉस नंबर, म्हणजे आडव्या गल्लीचा, मला वेगळा कळवा, इथं लिस्टवर नको. डिसेंबरअखेरीस एक चक्कर मारून कुठल्या बांधकामावर काय आहे ते कळवतो.