गॅसचा गीझर, कार्बन मोनॉक्साइड आणि घरमालक: अलार्म लावायची सक्ती आहे का आपल्याकडे?

कुर्टीकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही फोंड्याला कुर्टीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाथरूम म्हणजे नुसतं कपाट, आणि त्यात घरमालकांनी आधीपासूनच गॅसचा गीझर बसवलेला, सिलिंडर बाल्कनीत आणि नळी भिंतीला भोक पाडून आत. पावसाळ्यात लाइट जाते, गॅसचाच बरा, असं त्यांचं म्हणणं. वर एक छोटी खिडकी आहे पण तिथून डास आणि पाली येतात म्हणून आधीच्या भाडेकरूंनी तिला वर्तमानपत्र लावून खाकी टेप मारलेली, ती आम्हीही कधी काढली नाही, ती चूक आमचीच.

गेल्या रविवारी नणंद केस धुवायला गेली (ती कुंडईला कंपनीत लागलीय, आमच्याकडेच राहते). तिचे केस कमरेपर्यंत, म्हणजे अर्धा तास धरूनच चालतो आम्ही. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते आणि एकदम लक्षात आलं की नळ चालू आहे, बादली भरून वाहतेय, पण तांब्याचा आवाज नाही. हाक मारली, ओ नाही. नवऱ्यानं दाराला खांदा मारला, नशीब कडी जुनी होती. ती भिंतीला टेकून बसल्यासारखी पडलेली. उचलून बाल्कनीत आणली, दोनतीन मिनिटांनी डोळे उघडले, मग ओकली. ती म्हणते, वहिनी, दार उघडायचंय हे मला कळत होतं गं, पण हातच उचलेना.

जवळच्या एका दवाखान्यात नेली, बोटाला क्लिप लावली, ऑक्सिजन ९८ आला, उपाशीपोटी गरम पाण्यानं चक्कर आली असेल म्हणून गोळी देऊन घरी पाठवली. घरी येऊन नेटवर वाचलं की बंद बाथरूममध्ये गॅसच्या गीझरनं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, तेव्हा पोटात गोळा आला.

घरमालकांना सांगितलं गीझर बाहेर काढा आणि तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून द्या. काका माणूस वाईट नाहीत, चतुर्थीला नेवऱ्यांचा डबा पाठवतात, पण म्हणाले "कायद्यात कुठं लिहिलंय दाखव, उद्या लावतो."

तर आहे का असा कायदा? परदेशात घराघरात असतो म्हणतात. हडफड्याच्या नाइटक्लबात डिसेंबर २०२५ मध्ये आग लागून २५ माणसं गेली, त्यातली बरीचशी धुरानं गुदमरूनच, तेव्हापासून क्लबांच्या एनओसीवर सगळे बोलतात, घरातल्या गॅसचं कोण बोलतं का?

नकाशेवाला

ताई, आधी नणंद ठीक आहे ना आता?

सरळ उत्तर, नाही. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाच पाहिजे असा कायदा केंद्राचाही नाही आणि गोव्याचाही नाही. २०१६ चा नॅशनल बिल्डिंग कोड आहे पण तो स्वतः कायदा नव्हे, राज्यानं आपल्या नियमात घेतलं तेवढंच बंधन. आपल्याकडे बांधकामाला २०१० चे नियम लागतात, त्यात बाथरूमला बाहेरची हवा पाहिजे, खिडकी नाहीतर डक्ट, एवढं आहे. म्हणजे कागदावर तुमच्या बाथरूमला खिडकी आहे, नकाशा पास झाला, पुढे कोणी तिला टेप मारली तर ते बघायला कोण येणार! भाड्याचा कायदा तर १९६८ चा, त्या काळात गॅसचा गीझर कुणी पाहिला होता.

करताय तर एकच करा. अकरा महिन्यांचं अग्रीमेंट रिन्यू होईल तेव्हा एक ओळ घालून घ्या, की गॅसवर चालणारी वस्तू बंद खोलीत राहणार नाही आणि वर्षातून एकदा मालकाच्या खर्चानं तपासली जाईल. सही झाली की ते तुमच्या दोघांपुरतं बंधनच झालं.

पेडण्याचा_पोर

मी गेली सहा वर्षं इंग्लंडात स्विंडनला आहे (इथं अर्धं गाव गोंयकारांचं आहे, बसस्टॉपवर कोंकणी ऐकू येते) त्यामुळे इथलं सांगतो.

इंग्लंडात घर भाड्यानं देणाऱ्याला १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्ती आहे, पण तेव्हा फक्त लाकूड-कोळसा जाळायची सोय असलेल्या खोलीपुरती होती, गॅसचा बॉयलर त्यातून सुटलेला. ते १ ऑक्टोबर २०२२ ला दुरुस्त झालं, आता गॅस किंवा तेलावर चालणारी कुठलीही पक्की बसवलेली वस्तू असेल त्या खोलीत अलार्म हवाच. गंमत म्हणजे स्वयंपाकाची शेगडी यातून वगळलीय. भाडेकरू आत येतो त्या दिवशी मालकानं बटण दाबून तो वाजतो का ते बघायचं, पुढे बिघडल्याचं कळवलं तर बदलून द्यायचा, आणि काउन्सिलची नोटीस येऊनही ऐकलं नाही तर ५,००० पौंडांपर्यंत दंड. मी आलो त्या दिवशी एजंटनं खुर्चीवर चढून बटण दाबलं, मी दचकलो, तो हसला. स्कॉटलंडात तर फेब्रुवारी २०२२ पासून स्वतःच्या मालकीच्या घरातसुद्धा हवा. अमेरिकेत राज्याराज्याचा वेगळा कायदा, न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून आहे, तो एक शाळकरी मुलगी मैत्रिणीकडे रात्री राहायला गेली आणि सकाळी उठलीच नाही त्यानंतर झाला, तिच्याच नावानं ओळखतात त्याला. मॅसॅच्युसेट्सचाही असाच, २००५ सालचा, तिथं बर्फानं धूर बाहेर जायचा पाइप बुजला होता आणि सात वर्षांची पोर गेली. सगळीकडे आधी कोणाच्या तरी घरात तिरडी उठली आणि मग कायदा आला.

पण एक सांगू का, इथं मला अलार्मपेक्षा दुसरा नियम जास्त कामाचा वाटतो, तो १९९८ चा आहे. भाड्याच्या घरातली गॅसची प्रत्येक वस्तू दर वर्षी परवानावाल्या माणसानं तपासायची आणि कागद भाडेकरूच्या हातात द्यायचा. अलार्म वाजतो तेव्हा विष घरात आलेलं असतं, हा तपासणीवाला ते यायच्या आधीच पकडतो.

डिचोलीचे_भाऊ

हे सगळं नवीन फॅड आहे. आमच्या आईनं आणि आजीनं न्हाणीत तांब्याच्या भाणात करवंट्या आणि चुडतं जाळून पन्नास वर्षं पाणी तापवलं, आंघोळी पण तिथंच केल्या, धुरानं डोळे चुरचुरायचे पण कोणी बेशुद्ध पडलं नाही. आता प्रत्येक गोष्टीला एक डबी लावा भिंतीला. उद्या पंख्याला पण अलार्म मागाल.

गॅसवाला_म्हापसा

भाऊ तुमच्या आजीची न्हाणी आठवा जरा. वर कौलं, कौलांच्या फटी, भिंत वरपर्यंत गेलेलीच नसायची, दार म्हणजे दोन फळ्या. धूर दिसत होता म्हणून तुम्ही डोळे चोळत बाहेर पळत होता. गॅसच्या गीझरचं तेच वाईट की डोळ्याला काहीच लागत नाही.

मी बावीस वर्षं शेगड्या आणि गीझर दुरुस्त करतो, म्हणून सांगतो. मिनिटाला सहा लिटरवाला गीझर घरातल्या चारपाच बर्नरांइतका गॅस एकदम जाळतो. तेवढ्याला हवा पण तेवढीच लागते. कपाटाएवढ्या बंद खोलीत पाचदहा मिनिटांत हवा वापरून झाली की गॅस अर्धवट जळतो आणि मग हे विष तयार होतं. निळी ज्योत पिवळी पडते, वरच्या जाळीला काजळी धरते. मी गीझर उघडतो तेव्हा काळं दिसलं की पहिलं विचारतो, घरात कोणाचं डोकं दुखतं का. दहातल्या चार घरात बायका म्हणतात हो, आंघोळ झाली की दुखतं, आम्हाला वाटलं गरम पाण्यानं.

आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने ओल, त्यामुळे बर्नर गंजतो, आणि गीझर दोन महिने बंद राहिला की नोझलमध्ये कोळी जाळं करतो, हसू नका, खरंच करतो, मी सुईनं काढतो. चतुर्थीआधी एकदा साफ करून घेतला पाहिजे.

आणि लोकांचा एक मोठा घोळ. दुकानात एलपीजी लीकचा डिटेक्टर मिळतो तो वेगळा, हा अलार्म वेगळा. लीक झालेला गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून तो डिटेक्टर जमिनीजवळ लावतात, शिवाय त्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, वजन जवळजवळ हवेएवढंच, सगळ्या खोलीत सारखा पसरतो. लीकवाला डिटेक्टर यावर वाजायचा नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक येतात, आम्ही अलार्म लावलाय म्हणून गीझर आतच ठेवा म्हणतात, बघतो तर लीकवाला!

वहिनी तुमचा गीझर बाल्कनीत काढायचं काम अर्ध्या दिवसाचं. गरम पाण्याची लाइन तेवढी आत न्यायची. मालक ऐकत नसेल तर कंपनीची पुस्तिका दाखवा, हवेशीर जागी लावा हे त्यातच छापलेलं असतं.

रात्रपाळी

मी मडगावला नर्स आहे. त्या ९८ बद्दल बोलते कारण ते वाचून मला राग आला.

बोटाची क्लिप यात उपयोगाची नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पट जास्त घट्ट चिकटतो, आणि क्लिपला दोन्ही सारखेच लालभडक दिसतात, त्यामुळे माणूस गुदमरत असला तरी आकडा ९८ दाखवतो. खरं कळतं ते रक्ताच्या तपासणीतून, कार्बॉक्सिहिमोग्लोबिन (हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन) किती आहे ते काढायला सांगावं लागतं. डॉक्टरांना आपण स्वतः सांगायचं की बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर चालू होता, नुसतं चक्कर आली म्हटलं तर कोणाच्याही डोक्यात लो बीपी आणि उपास हेच येणार.

आणि उपचार म्हणजे मास्क लावून भरपूर ऑक्सिजन. साध्या हवेत हे अर्धं उतरायला चारपाच तास लागतात, मास्कनं तास-दीड तासात. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून घरी बसू नये, १०८ ला फोन करायचा. तुमच्या नणंदेला आता आठवडा झाला तरी विसरायला होणं, चालताना तोल जाणं, चिडचिड असं काही दिसलं तर बांबोळीला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखवून घ्या, असं उशिरानं पण होऊ शकतं. आणि आत कोणी पडलेलं दिसलं तर आधी दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा, श्वास धरून ओढून बाहेर काढा, तिथंच बसून गालावर चापट्या मारत राहू नका. २०२० च्या जानेवारीत नेपाळला दमनच्या रिसॉर्टमध्ये केरळची आठ माणसं गॅस हीटर लावून एका खोलीत झोपली ती सगळी गेली, त्यात लहान मुलं होती. जागं राहून कोण कोणाला उठवणार तिथं.

डिचोलीचे_भाऊ

बरं बाबा, माघार. आमच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये पण बाथरूममध्येच आहे गॅसचा. सून दोनदा म्हणाली होती डोकं जड होतं म्हणून, आम्ही म्हटलं मोबाइल कमी बघ. उद्याच फोन करतो त्याला. हा अलार्म घ्यायचा तर काय बघून घ्यायचा?

पेडण्याचा_पोर

भाऊ, डब्यावर ईएन ५०२९१ (या अलार्मचं युरोपातलं मानक) छापलेलं बघा. त्या मापाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) तास-दीड तासानं वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. लगेच वाजत नाही म्हणून खराब आहे असं समजू नका, थोडा वायू बराच वेळ आणि जास्त वायू थोडा वेळ, दोन्हीचा हिशेब त्यात धरलेला असतो. बाथरूमच्या आत वाफेत लावू नका, बिघडतो. पण भाऊ, आधी गीझर बाहेर, मग अलार्म, उलटं नको.

कुर्टीकरीण

सगळ्यांना देव बरें करूं. नणंद ठीक आहे, काल बांबोळीला दाखवून आणली, सध्या काही नाही म्हणाले, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय.

रात्रपाळी ताईंचं आणि म्हापशाच्या दादांचं मी काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कायद्याचं काही नाही म्हटल्यावर आधी त्यांचा चेहरा खुलला होता, मग त्यांना मी बाथरूममध्ये नेलं आणि गीझरच्या वरच्या जाळीवर बोट फिरवून दाखवलं, बोट काळं. मग खिडकीची टेप काढली. आत २०१८ सालचं वर्तमानपत्र होतं, पिवळं पडलेलं. काका बराच वेळ ते वर्तमानपत्रच बघत बसले, आणि म्हणाले त्या आधीच्या भाडेकरूंचं बाळ सारखं आजारी असायचं. पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

शनिवारी मिस्त्री येतोय, गीझर बाल्कनीत जाणार, पाइपाचा खर्च त्यांचा. खिडकीला डासांची जाळी आम्ही लावतोय. अग्रीमेंटमध्ये ओळ घालायला मात्र एजंट तयार नाही, "असं कोण लिहीत नाही" म्हणतो, त्याच्याशी भांडण चालू आहे. अलार्म मी माझ्या पैशानं मागवला, दोन हजाराच्या आत आला, बेडरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये लावलाय. एकच शंका, याला सेल बदलायला झाकणच सापडत नाहीये, कुठं असतं?

गॅसवाला_म्हापसा

काही मॉडेलांना झाकण नसतंच, सेल आत बंद करून येतो. जोर लावून उघडू नका. मागच्या बाजूला बदलायचं साल छापलेलं असेल बघा, आतला सेन्सर पाच ते दहा वर्षं चालतो, कंपनीप्रमाणे, ते साल आलं की अख्खा डबाच बदलायचा. महिन्यातून एकदा बटण दाबत जा. आणि शनिवारी मिस्त्री नळी जुनीच लावत असेल तर लावू देऊ नका, नवी घ्या, आयएसआय मार्कवाली.

कुर्टीकरीण

सापडलं, २०३२ लिहिलंय. बटण दाबलं तर शेजारच्या मामी धावत आल्या.