मदत हवी आहे : नागपूर–बंगळूरु विमानाला नेमका किती वेळ धरायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही पांढरकवड्याजवळच्या खेड्यातले. बहीण बंगळूरुला असते, तिचे दिवस भरत आलेत, म्हणून आईला तिकडे पोहोचवायला चाललोय. कापूस वेचाईचे दिवस आहेत, मला दुसऱ्याच दिवशी परतायचंय.

आई पहिल्यांदाच विमानात बसणार. तिला शुगर आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेते. इंजेक्शन घेतल्यावर ताट यायला उशीर झाला की तिला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. पोळ्याला पाहुण्यांच्या गडबडीत तसंच झालं. गुळाचा खडा तोंडात घातला तेव्हा कुठे सावरली. तेव्हापासून मी तिच्या वेळा फार जपतो.

तिकिटावर नागपूर सकाळी 10:05, बंगळूरु 11:55 आहे. म्हणजे 1 तास 50 मिनिटं. अंतर दाखवणाऱ्या एका साइटवर मात्र साधारण 890 किलोमीटर आणि सव्वा तास दिसतो. वरची पस्तीस मिनिटं कशाची? दुपारच्या इंजेक्शनसाठी कोणती वेळ धरू? आणि गावातून कधी निघू? आई एकच विचारते, "इमानात भूक लागली त मले कोन देईन?"

उत्तर :
भाऊ, आकडे दोन्ही खरे आहेत. साइट सरळ रेघेतल्या अंतराला वेगाने भागते. पण ताशी आठशेचा वेग वर गेल्यावरच मिळतो, चढता-उतरताना तो बराच कमी असतो. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, उतरायला नंबर लागणं, सगळं त्यातच आलं. तुम्ही तिकिटाचीच वेळ धरा.

मात्र 11:55 म्हणजे जेवणाची वेळ नाही. सामान यायला अर्धा तास जातो, आणि तिथला विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. घरी पोहोचायला दोन सहज वाजतील. माझ्या वडिलांनाही इन्सुलिन आहे. आम्ही ताट समोर आल्याशिवाय सुई काढत नाही. डोस नि वेळ तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. इन्सुलिन आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा, खालच्या सामानात ते गोठू शकतं. भाकरी-चटणी, बिस्किटं, साखर सोबत नेता येते.

चेक-इनचं काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणून आठला पोहोचा. पांढरकवड्याहून हिंगणघाट, जाम करत दीडशे किलोमीटर, पहाटे साडेचारला निघा. विमानतळ वर्धा रोडलाच आहे, शहरात शिरावं लागत नाही. काकूंना वाटेकडची सीट मागा, उठाबसायला सोपं जातं.

धागाकर्ता :
फार आभार ताई. उद्याच डॉक्टरांकडे जातो. आईला सांगितलं, भाकर नेता येते म्हणून. आता विचारते, मिरचीचा ठेचा चालतो का?