बंदी उठली, पण घाट कुणाच्या हातात गेला?

आंबेगावचा_गाडा

काल इथे एकानं लिहिलं, “सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीवरची बंदी उठवली आणि शेतकऱ्याला त्याचा खेळ परत मिळाला. खिलार जातीचा बैल वाचला, गावात पैसा आला. आता तक्रार करणारे फक्त शहरातले प्राणिप्रेमी उरलेत.” रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी शहरातला नाही. आमच्या घरचा गाडा आजोबांपासून घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळतोय. जुलै 2011 मध्ये केंद्रानं बैलाचं नाव प्रदर्शनबंदीच्या यादीत घातलं तेव्हा मी कॉलेजात होतो. मग 7 मे 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा शर्यतबंदीचा निकाल आला. 2017 ला राज्यानं शर्यतीला परवानगी देणारा कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली त्या रात्री आमच्या वाडीत भंडारा उधळला, त्यात मीही होतो. 18 मे 2023 ला घटनापीठानं कायदा कायम केला तेव्हा चुलत्यांनी देवाला नारळ फोडला. याच चुलत्यांनी 2015 ला गाड्याची पुढची, जुकाटाची जोडी विकली होती आणि नंतर दोन दिवस गोठ्याकडे फिरकले नव्हते. तेव्हा बंदी वाईट होती हे मला कुणी सांगायला नको.

पण परत काय मिळालं? पूर्वी एक बैल आमचा, एक मामांचा, गाड्यालगतची धुरेची जोडी वरच्या आळीची, पुढं पळणारी घोडी शेजारच्या वाडीची, अशी जुळणी करून गाडा उभा राहायचा. बक्षीस म्हणजे ढाल, फेटा, थोडी रोख. खर्च यात्रेच्या वर्गणीतून. 2022 ला चिखलीच्या घाटात पहिलं बक्षीस जेसीबी होतं. पुढच्या वर्षी सांगलीकडे थार गाडी. आता प्रत्येक तालुक्यात कुणाच्या तरी वाढदिवसाला घाट भरतो, आणि निवेदक बैलाच्या नावाआधी तीन वेळा नेत्याचं नाव घेतो. आमच्या गावात पाच गाडे होते, आज एक आहे. मालकाचा प्लॉटिंगचा धंदा आहे. त्याचे बैल पगारी माणूस सांभाळतो. हा मालक बारी, म्हणजे गाड्याची पाळी, सुटताना स्टेजवर असतो, बैलाजवळ नसतो.

बैलाला इजा केली तर कायद्यात पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ते हवंच. पण बक्षीस किती असावं आणि कुणाच्या पैशातून, यावर काहीच बंधन नाही. मला बंदी नको, बक्षिसाला मर्यादा हवी. नाहीतर दहा वर्षं शेतकऱ्याच्या नावानं लढलो ते बिल्डरला बैल पाळायला मिळावेत म्हणून, असं म्हणायची वेळ येईल.

माणदेशी_खिलार

तुम्ही पुणे जिल्ह्यातले, पोरांना चाकणला नोकऱ्या आहेत. तुम्हाला मर्यादा सुचते. आमच्याकडे पाऊस नाही, ऊस नाही, खिलार गाई आहेत.

2016 ला माझ्या गोठ्यात कोसा रंगाचा खोंड झाला. असला खोंड की खरसुंडीच्या यात्रेत माणसं थांबून बघायची. बंदी होती. व्यापाऱ्यानं अकरा हजार सांगितले आणि वर म्हणाला, “पळवायचा कुठं?” दिला. त्याचाच भाऊ, म्हणजे त्याच गाईचा आदत (अजून दात न लावलेला) खोंड मी 2023 ला दोन लाख दहा हजारांना दिला. पोरीची नर्सिंगची फी त्यातनं भरली. घेणारा बिल्डर होता की मंत्री होता, मी विचारलं नाही.

थार लागते म्हणून माझ्या खोंडाला गिऱ्हाईक येतं. तुम्ही बक्षीस पंचवीस हजारांवर आणलंत तर खोंडाची किंमत परत अकरा हजार होणार. मालकानं बैलाला हात लावावा ही तुमची भावना चांगली आहे, पण माझी गाय भावनेवर जगत नाही.

निवृत्त_पशुधन

मी तीस वर्षं पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली. दोघांचंही म्हणणं अर्धंच आहे.

बंदीच्या काळात शर्यती थांबल्या नव्हत्या. पहाटे माळावर व्हायच्या, आणि जखमी बैल दुपारी आमच्याकडे “पाय घसरला” म्हणून यायचा. एका बैलाच्या मागच्या पुठ्ठ्यावर मी केस बाजूला करून पाहिले. दोन-दोन ठिपके, बोटभर अंतरावर, भाजलेले. सोळा मोजले. ती बॅटरीच्या शॉकची खूण. शेपटीचं हाड दोन ठिकाणी मोडून वेडंवाकडं जुळलेलं. मालक शेजारी उभा राहून त्याच्या तोंडावरून हात फिरवत होता, आणि ते प्रेम खोटं नव्हतं. ही गोष्ट मला अजून समजलेली नाही.

आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची तपासणी होते. परवानगीच्या मैदानावर फरक पडलाय. पण बक्षीस जितकं मोठं तितका हात सैल सुटतो, हेही पाहिलंय. आंबेगावकर इथे बरोबर आहेत.

माझा प्रश्न वेगळाच आहे. शंभर बैल पळतात, चार फायनलला जातात. उरले शहाण्णव, शिवाय कितीतरी खोंड विकत घेऊन ठेवलेले असतात. ते पाच-सात वर्षांनी जातात कुठे?

खेडची_सून

कुठे जातात ते मी सांगते, कारण शेण मी काढते.

आमचा एक बैल 2023 च्या यात्रेत पुढच्या पायात मोडला. बरा झाला, पण पळणार नाही, औतालाही चालणार नाही. दारात उभा आहे. कडबा, पेंड, औषध धरून दिवसाला दोनशेच्या खाली जात नाही. दोनदा बाजारात नेऊन परत आणला, टेम्पोचं भाडं वेगळं. 2025 च्या पावसाळ्यात मांसाच्या धंद्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद केली होती. गोरक्षक रस्त्यावर गाड्या अडवतात, मारतात, जनावर जप्त होतं, मग कोण घेणार? तेव्हा तर बाजारात बैलापेक्षा परत नेणारी माणसं जास्त दिसत होती.

ही गोष्ट 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानं झाली. आधी गाईच्याच कत्तलीला बंदी होती, बैल पशुवैद्याच्या दाखल्यावर कत्तलीला विकता यायचा. आता बैलही गेला त्यात. बक्षीस, थार, बिल्डर यावर पानं भरताय. माझ्या दारातल्या बैलाचं बोला.

कोथरूडकर_७२

ताई, राग मानू नका. ज्या बैलानं तुमच्यासाठी छाती फुटेपर्यंत पळून ढाली आणल्या, तो लंगडा झाला की त्याला सुरीखाली द्यायचा, हीच का आपली संस्कृती? पोळ्याला त्याच बैलाच्या पाया पडता ना? वरच्या डॉक्टरांनी सोळा डाग मोजले ते वाचून मला पाणी आलं डोळ्यांत. शर्यतही बंद व्हायला हवी आणि 2015 चा कायदाही राहायला हवा. गोशाळा आहेत की.

खेडची_सून

आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर. श्रावणात पोळा करणारे वेगळे.

गोशाळेत फोन केला होता. पहिलाच प्रश्न, “महिन्याचा खर्च किती देणार?” दुसरा प्रश्न, “गाय आहे का?” बैल म्हटल्यावर जागा नव्हती. तुम्ही रडलात, मला पटतं, मीही त्या रात्री गोठ्यात बसले होते. पण तुमचं रडून भागतं, मला सकाळी कडबा आणावा लागतो. संस्कृती सगळ्यांची असेल तर दोनशेतले शंभर तुम्ही द्या. मी मनापासून विचारतेय.

पटकरी_यवतमाळ

शर्यतीचा धागा वाचायला आलो, पण आता थांबतो. वहिनींचं दुखणं आमच्या कापूसपट्ट्यात घरोघरी आहे.

आमच्याकडे बैलजोडीची शर्यत म्हणजे शंकरपट. पट सुरू झाला, चांगलं झालं. पण पटाच्या जोड्या गावात दोन, औताच्या चाळीस. त्या चाळिसांचा हिशेब असा होता. जोडी थकली की विकायची, वर पंधरा-वीस हजार घालायचे, पेरणीआधी नवी आणायची. थकलेल्या जोडीचे पैसे हेच आमचं भांडवल. 2015 नंतर ते शून्य झालं, मग नव्या जोडीचे सगळे पैसे खिशातून. ज्याच्याजवळ नव्हते तो भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेला. दोन पशुगणना बघा. 2012 ला राज्यात गोवंश दीड कोटीच्या वर होता, 2019 ला एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास आला. गाय-बैल वाचवायचा कायदा, आणि जनावर गोठ्यातून कमी.

आंबेगावचा_गाडा

धागा भरकटतोय. 2015 वर वेगळा काढा. आणि पटकरीभाऊ, ती घट कायद्यानंच झाली हे कशावरून? ट्रॅक्टर 2015 ची वाट बघत थांबले नव्हते. त्याच वर्षांत आमची शर्यतबंदीही होती. 2015-16 चा दुष्काळही होता, जनावरं चारा छावण्यांवर जगवली. सगळं एका कायद्याच्या माथी मारू नका.

पटकरी_यवतमाळ

दुष्काळ 1972 लाही पडला, शेतकऱ्यानं पुन्हा जोडी बांधली, कारण बांधायला काहीतरी हाती यायचं. ट्रॅक्टर आलेच असते, हे मान्य. पण दोन एकरवाल्यानं आपल्या मर्जीनं बैल सोडणं वेगळं आणि परवडेना म्हणून सोडणं वेगळं. तुमचा बिल्डर म्हातारे बैल फुकट पोसू शकतो. तुमचे चुलते पोसू शकतात का? तुमच्या गावात पाचाचा एक गाडा का उरला याचं उत्तर तुम्ही थारमध्ये शोधताय. आधी ते गोठ्यात शोधा.

मास्तर_जुन्नर

मी शाळेत खेळ शिकवतो. इतका वेळ बैलावरच चाललंय म्हणून लिहितो.

माझी एक मुलगी आदिवासी वाडीतली, शंभर मीटरला जिल्ह्यात पहिली आली. अनवाणी. विभागीय स्पर्धेला न्यायला गाडीभाडं मी आणि मुख्याध्यापकांनी घातलं. त्याच आठवड्यात आमच्या गावात घाट होता. पहिल्या तीन नंबरांना मोटारसायकली. देणगी देणाऱ्याकडे मी स्पाइकच्या बुटांसाठी गेलो होतो, तीन हजारांसाठी. म्हणाला, “सर, मुलीच्या शर्यतीला माणसं जमतात का?” सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत म्हणता. तिथवर पोचायला आधी बूट लागतात.

आणि राजकारण बघा. 2019 ला शिरूरच्या प्रचारात बैलगाड्याशिवाय दुसरं ऐकू येत नव्हतं. तीन वेळचे खासदार आढळराव म्हणत, पाठपुरावा आमचा. त्यांच्याविरुद्ध उभ्या अमोल कोल्हेंनी शब्द दिला, शर्यत सुरू झाली की घोडीवर बसेन, आणि फेब्रुवारी 2022 ला निमगावच्या घाटात बसले. कांद्यावर, शाळांवर एवढं कुणी बोललं का?

आंबेगावचा_गाडा

सर, कांद्याचं चुकीचं लिहिलंत. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली आणि त्याच महिन्यात कोल्हेंनी शिवनेरीपासून पुण्यापर्यंत आक्रोश मोर्चा काढला. मी दोन मुक्काम त्यात होतो. त्यांचा पक्ष कुठलाही असो, जे केलं ते केलं.

मुलीच्या बुटांचं वाचून मात्र वाईट वाटलं. तिचं माप कळवा. बक्षिसाला मर्यादा हवी म्हणतो ती यासाठीच. आयोजकानं जेवढं बक्षीस लावलं त्याचा काही हिस्सा तालुक्याच्या मैदानाला द्यायचा, अशी अट परवानगीतच घाला.

मास्तर_जुन्नर

मोर्चाचं मान्य, मी विसरलो. बाकी म्हणणं मागे घेत नाही. माप पाच. पण एका मुलीला बूट देऊन हा प्रश्न सुटत नाही.

माणदेशी_खिलार

हिस्सा घ्यायचाच तर माणदेशालाही द्या, घाटवाल्यांच्या मैदानालाच का? खोंड आमच्या गाई देतात. आयोजकानं थारच्या किमतीतला दहावा भाग मोडलेल्या बैलांच्या चाऱ्याला द्यावा, मग मी मर्यादेवर गप्प बसतो.

आणि वहिनी, एक सांगतो, राग धरू नका. मी 2015 च्या कायद्याच्या बाजूचा होतो. मोर्चाला गेलो होतो. आज माझ्या दारात दोन म्हातारे बैल आहेत. खोंडाच्या पैशातनं त्यांना पोसतो. ज्याच्याकडे विकायला खोंड नाही त्यानं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कोथरूडकर_७२

कायदा राहावा यावर मी ठाम आहे. पण राहायचा असेल तर पोसण्याची सोय सरकारनं करायला हवी होती, हे मी याआधी म्हटलं नव्हतं. ती चूक माझी. खेडच्या ताई, शंभर रुपये रोज मला झेपणार नाहीत, पेन्शनवर आहे. महिन्याला हजार नक्की देईन. कसे पाठवू ते सांगा.

खेडची_सून

हजारात पाच दिवस निघतात. नाही म्हणत नाही. पण पैसे पाठवण्याआधी एकदा घरी या, बैल बघा. त्याचं नाव सर्जा. पुढचा डावा पाय टेकवत नाही. या तेव्हा पेंड घेऊन या, पिशवीभर.

आंबेगावचा_गाडा

वहिनी, मी शेजारच्याच तालुक्यात. रविवारी येतो, कडबा टाकून जातो. 2015 वर मी धागा भरकटला म्हणालो, ते मागे घेतो. आमच्या चुलत्यांनी त्या वर्षी जोडी का विकली ते काल पहिल्यांदा नीट विचारलं. मी समजत होतो शर्यतबंदीनं. ते म्हणाले, “मार्चमध्ये नवा कायदा आला. म्हटलं भाव पडायच्या आत काढू.” बक्षिसाच्या मर्यादेचं माझं मत तसंच आहे. त्यावर माणदेशींशी भांडण चालू राहील.