मदत हवी आहे: ससे बाहेर असतात, रात्री काहीतरी येऊन नेतंय

पडवी (सकाळी 8:40)
लगेच सांगा कुणीतरी. दोन ससे गेले. परवा एक गायब, आज पहाटे दुसरा. आता एकच उरलाय. जाळी आहे, कडी आहे, सगळं नीट बंद होतं. मुलगा सकाळपासून काही खात नाहीये. जे काय करायचं ते आज अंधार पडायच्या आत करायचंय. "पाळायचेच कशाला" असले प्रतिसाद कृपया नकोत.

खैराचा_कात (8:52)
गाव कुठलं? जाळी कसली? खाली माती की कोबा? दुसरा ससा सापडला का, सापडला तर कुठे आणि कसा? हे कळल्याशिवाय काय सांगणार दादा.

मळेवाला (8:55)
कुत्रा पाळा. विषय संपला. इकडे जुन्नरला उसातून बिबट्या येतो, तुम्ही सशांचं काय घेऊन बसलात.

खैराचा_कात (8:58)
बिबट्या येतो तिथे आधी कुत्राच जातो हो.

मळेवाला (9:01)
आमचा मोती नऊ वर्षं आहे. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलाय. उगाच बोलत नाही.

थेम्सकाठ (9:10)
आमच्याकडे इंग्लंडात कोल्हा उकरून आत शिरतो. त्यावर उपाय म्हणजे पिंजऱ्याच्या कडेने जाळी बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर आडवी पसरायची आणि वर दगडमाती टाकायची. प्राणी भिंतीला लागूनच उकरायला लागतो, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. शिवाय सशांना मिक्सोमॅटोसिसची (सशांचा जीवघेणा साथीचा रोग) लस दिली आहे का? इथे ती दरवर्षी देतात.

पडवी (9:34)
लस??? अहो नेतंय कोणीतरी त्यांना.
चिपळूणजवळ आहोत. आणि दादा नाही, ताई. जाळी म्हणजे जाळी, लोखंडी. खाली चार थर चिरे, त्यावर जाळी, वर पत्रा. जमीन मातीचीच, त्यांना उकरायला आवडतं म्हणून मुद्दाम तशी ठेवली. पहिला सापडलाच नाही. दुसरा मागच्या आंब्याखाली होता, मुंडकं नव्हतं. कुठेही भोक नाही, मी दोनदा फिरून बघितलं.

आबा_गुहागर (9:41)
मुंगूस. शंभर टक्के. चारही कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवा, साप-मुंगूस फिरकत नाही.

खैराचा_कात (9:47)
आबा, मुंगूस दिवसा फिरतो. आणि डांबरगोळीने साप जात नाही, पण सशाने ती कुरतडली तर ससा जाईल. कृपा करून कोणी ठेवू नका.

आबा_गुहागर (9:50)
आमच्या आजीपासून ठेवतोय. तुम्ही पुस्तकं वाचा.

भातखाचर (9:58)
पहिला अख्खा गायब आहे ना, तो अजगराने गिळला असेल.

खैराचा_कात (10:03)
अजगर असता तर ससा गिळून फुगल्यावर आल्या वाटेने बाहेर पडलाच नसता. सकाळी तोच आत वेटोळं घालून दिसला असता.

कायदेपंडित (10:11)
वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार ससा पाळणं हा गुन्हा आहे. धागा उडवावा ही विनंती.

गोठ्यातली (10:20)
अहो पंडित, तो रानातला ससा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्लं केसांसकट आणि डोळे उघडे ठेवून जन्मतात. पाळतात तो मूळ युरोपातला, जात वेगळी, त्याला हा कायदा नाही. कायदा सांगायचाच तर हा सांगा: विष घालणं, फासे लावणं, रानमांजर किंवा मुंगूस मारणं, ते त्यात येतं.

पडवीताई, आता तुमच्याकडे वळते. मी सहा वर्षं ससे विकायला पाळत होते, त्यावरून सांगते. जाळी षटकोनी भोकांची, हाताने वाकते अशी आहे का? असेल तर ती कोंबड्यांची जाळी. तिच्यामुळे कोंबड्या आत राहतात, पण बाहेरचा बाहेर राहीलच असं नाही. कुत्रं ती दाताने फाडतं आणि पावसाळ्यात ती खालून गंजून कागदासारखी होते. चिऱ्याला जिथे टेकते तिथे बोट घालून बघा. आणि मुंडकं नाही म्हणता, म्हणजे मांजराच्या जातीचं काहीतरी किंवा कांडेचोर, म्हणजे झाडावर चढणारं उदमांजर. हे वरून येतात. तुम्ही चारी बाजूंनी फिरलात, पत्रा बघितलात का?

जिभेचे_चोचले (10:24)
सशाचा रस्सा एकदा खाऊन बघा, प्रश्नच मिटेल.

गोठ्यातली (10:26)
झालं? निघा आता.

पडवी (11:15)
शिडी लावून वर गेले. पत्र्याच्या नळ्या भिंतीवरच्या वाशाला टेकतात तिथे प्रत्येक नळीखाली फट आहे, दोन-तीन बोटांची. पण मागच्या कोपऱ्यात पत्रा वादळात उचकटलाय, तिथे माझा अख्खा हात कोपरापर्यंत आत गेला. वाशाला पांढरे केस चिकटलेत. 😢 पत्र्यावर विष्ठा पण आहे, काळी, लांबट, नुसत्या बिया. भेरली माडाच्या (माडासारखं रानातलं झाड) वाटतात. आंब्याची एक फांदी पत्र्यावरच टेकलीय. मी रोज तिथूनच जाते आणि मला दिसलं नाही.

खैराचा_कात (11:22)
भेरल्या माडाच्या बिया म्हणजे कांडेचोर. पण तो मुख्यतः फळं खाणारा. कोंबडीचं पिल्लू नेईल, उंदीर खाईल, मोठा ससा ओढून वाशावर चढवेल? मला पटत नाही. हे रानमांजराचं काम.

आबा_गुहागर (11:25)
म्हणजे मुंगूस नाही हे तुम्ही ठरवलंतच.

भातखाचर (11:31)
कांडेचोराने आमची सव्वा किलोची कोंबडी नेलीय, डोळ्यांनी बघितलंय.

खैराचा_कात (11:34)
अंधारात ना? जवादी मांजर असेल. ती कांडेचोरासारखीच दिसणारी, पण जमिनीवरची, कोंबड्यांची सवयीची चोर. लोक दोघांनाही कांडेचोर म्हणतात.

गोठ्यातली (11:40)
कोण होतं ते नंतर भांडून ठरवा. ताई, ज्याला एकदा मिळालं तो आज रात्री परत येणार. क्रमाने करा:
फांदी तोडा, पत्र्यापासून चांगली लांबपर्यंत. पत्रा जे-हुकने (वाकड्या टोकाचा बोल्ट) वाशाला आवळा. नळ्यांखालच्या फटीत जाळीच्या गुंडाळ्या ठोसून वर सिमेंटचा माल मारा. जाळी बदलून अर्धा इंची जी.आय. वेल्डमेश (जस्त चढवलेली, वेल्ड केलेली कडक जाळी) घ्या, हार्डवेअरवाल्याकडे फुटावर मिळते. दाराला नुसती कडी नको, कोयंड्यात खिळा अडकवा. उकरणाऱ्यांसाठी थेम्सकाठ म्हणतात ती आडवी जाळी बरोबर आहे, आपल्याकडे घुशीही तेच उद्योग करतात.
हे एका दिवसात होणार नाही. तोवर ससा रात्री घरात. पण पत्र्याच्या खोलीत दुपारी नको, ऑक्टोबरच्या उन्हात तिशीच्या पुढे तापमान गेलं की त्यांचे हाल होतात. आणि जाळीच्या तळावर ठेवू नका, पायाला जखमा होतात. खाली गोणपाट, वर पेंढा.

मळेवाला (11:44)
एवढ्या खर्चात दोन कुत्रे आले असते.

पडवी (12:30)
नवरा वेल्डमेश आणायला गेलाय. फांदी मी तोडली.
अजून एक. उरलेली घाबरलीय बहुतेक. कालपासून छातीचे केस तोंडाने उपटतेय आणि गवत तोंडात धरून कोपऱ्यात नेतेय. कोपऱ्यात वीतभर खड्डा पण केलाय. भीतीने करतात का असं? गेलेल्या दोघांत एक नर होता, काही संबंध आहे का?

गोठ्यातली (12:33)
अहो!!! हे आधी सांगायचं! ती विणार आहे. आज किंवा उद्या. तिला आत्ताच आत घ्या. फळ्यांचं किंवा पुठ्ठ्याचं खोकं, फूट-दीड फूट लांब, एका बाजूला वीतभर उंबरा. आत गवत आणि तिने उपटलेले केस जसेच्या तसे. खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. मुलाला सांगा, सारखं डोकवायचं नाही.

खैराचा_कात (12:41)
ताई, जमीन, जाळी, पत्रा सगळं विचारलं, हेच विचारायचं राहिलं. माझी चूक.

कायदेपंडित (12:50)
माझा आधीचा प्रतिसाद काढून टाकला आहे असं समजावं. रानमांजर आत अडकून पडलंच तर वनखात्याचा 1926 नंबर आहे, स्वतः हात लावू नये.

पडवी (दुसऱ्या दिवशी, सकाळी 7:05)
पाच. उघडीवाघडी, डोळे मिटलेली, माझ्या अंगठ्याएवढी. चपलांच्या कपाटाखाली खोकं ठेवलंय. रात्री दोन वाजता पत्र्यावर धप्प झालं, बॅटरी मारेपर्यंत गेलं. शेपूट दिसली, पट्टे होते की नव्हते सांगता येत नाही, त्यामुळे विचारू नका.
पण आई जवळच जात नाहीये त्यांच्या. कोपऱ्यात पाठ करून बसलीय. टाकलं का तिने?

गोठ्यातली (7:12)
नाही टाकलं. ती दिवसातून एकदा-दोनदा, तेही चार-पाच मिनिटंच पाजते, बहुतेक पहाटे नाहीतर रात्री. पोटं गोल आणि गरम आहेत का बघा.

पडवी (7:20)
एकाचं जरा खपाटीला आहे. बाकी टम्म.

भातखाचर (7:31)
रुंद पट्टे असतील तर जवादी.

पुणेकर_७ (7:45)
पिल्लं देणार आहात का? दोन हवी आहेत, कोथरूडला पोचवाल का?

पडवी (7:48)
अहो डोळे तरी उघडू देत. दहा दिवस लागतात म्हणे.