मदत हवी आहे : बालचित्रकला प्रदर्शनाचा बॅनर फाटतोय (तातडीचं)

रंगपेटी_नाशिक: शनिवारी प्रदर्शन आहे. फ्लेक्सवाला म्हणतो चित्रं फाटतायत, म्हणजे मोठी केल्यावर ठिपके-ठिपके दिसतायत, चालणार नाही. लॅपटॉपवर तर झकास दिसतायत! शिवाय मराठी अक्षरं तुटतायत. काय करू? लवकर सांगा.

कोरलकाका: बॅनर केवढा? सॉफ्टवेअर कुठलं? चित्रं स्कॅन केलीत की फोटो?

गोदाकाठ: हॉल कुठला? कुसुमाग्रज स्मारक का? तिथे काय लावता येतं ते आधी विचारा. भिंतीला टेप चिकटवलेली कोणालाच आवडत नाही.

रंगपेटी_नाशिक: हॉलचा प्रश्नच नाहीये हो. बॅनर १० बाय ६ फूट, फोटोशॉपमध्ये केलाय. वरच्या पट्टीत नाव, खाली एका मुलीचं गोदाघाटाचं चित्र.

कोरलकाका: फोटो आला कुठून, ते राहिलं.

रंगपेटी_नाशिक: पालकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला. दुसरं कुठून येणार!

कोरलकाका: मग झालंच. व्हॉट्सअॅप नेहमीच्या सेटिंगला फोटो दाबून साधारण १६०० पिक्सेलचा करतं. १० फूट म्हणजे १२० इंच, इंचाला जेमतेम १३ ठिपके. फ्लेक्सवाल्याचं बरोबर आहे. मूळ चित्र मागवून ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा.

रंगपेटी_नाशिक: चित्र ड्रॉइंग शीटच्या पाव भागावर आहे, ए-४ स्कॅनरवर मावत नाही.

पंचवटीकर_ताई: स्कॅनर कशाला? व्हरांड्यात सावलीत चित्र भिंतीला टेकवा, फ्लॅश बंद, मोबाइल चित्राला समांतर. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद येतो. तो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, दबत नाही. आमच्या शाळेत दरवर्षी असंच करतो.

कोरलकाका: मोबाइलने कडा वाकतात आणि पिवळ्याचा मातकट होतो. स्कॅनच हवा. दोन भागांत करून जोडा.

पंचवटीकर_ताई: शनिवारपर्यंत जोडत बसू का? बॅनर रस्त्यावरून बघायचाय, भिंग लावून नाही. फक्त तेच चित्र १० फूट ताणू नका. ४ फुटांचं ठेवा, इंचाला ८० च्या वर ठिपके मिळतात. बाकी सपाट रंग. मुलीचं चित्र उठून दिसेल, तुमचं डिझाइन नाही. तसंच हवं.

हिरवानाशिक: फ्लेक्स कशाला मुळात? १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी (प्लॅस्टिक) बॅनरवर २०२२ पासून बंदी आहे. कापडावर छापा.

कोरलकाका: नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो. कापडाचा दर विचारून बघा एकदा.

हिरवानाशिक: दर बघा फक्त. प्रदर्शन संपल्यावर फ्लेक्स कुठे जातो तेही बघा.

चित्रकलाशिक्षक: मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना जरूर बसवा. स्मरणचित्राचा सराव आतापासूनच हवा.

रंगपेटी_नाशिक: सर, ती पाचवीतली आहेत. अक्षरांचं कोणी सांगेल का??

अक्षरवेडा: फोटोशॉपच्या परिच्छेद सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ निवडा, जोडाक्षरं जुळतील. फॉन्ट ‘बालू’ किंवा ‘मुक्त’ घ्या, दोन्ही युनिकोड आणि फुकट. श्रीलिपीचा (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टचा) मजकूर तसाच चिकटवला असेल तर तो पुन्हा टाइप करावा लागेल. छापायला देताना अक्षरांचे आकार (‘कन्व्हर्ट टू शेप’) करून द्या, म्हणजे त्याच्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. आणि चित्राखाली नाव-इयत्ता पुरे, पालकांचे नंबर नकोत.

रंगपेटी_नाशिक: अक्षरं जुळली! चित्र उद्या सकाळी मिळतंय. ताई, सावलीत म्हणजे किती वाजता?

पंचवटीकर_ताई: ऊन थेट पडत नाही तेव्हा कधीही. ट्यूबलाइटखाली मात्र नको.

कोरलकाका: स्कॅनच करा.