मदत हवी आहे: व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेताना आवाज मागे पडतोय

१९९० च्या दशकातल्या घरच्या लग्नाच्या कॅसेट आहेत, पाल पद्धतीच्या (आपल्याकडची जुनी टीव्ही सिग्नलची पद्धत). व्हीसीआर चालू आहे, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलंय. यूएसबी कॅप्चर कार्डातून लॅपटॉपवर घेतोय, ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं). टीव्हीवर व्यवस्थित दिसतं, पण रेकॉर्डिंगमध्ये चित्र थरथरलं की फ्रेम गळतात. हळूहळू आवाज इतका मागे पडतो, की अंतरपाट दूर होऊन हार घातले तरी मंगलाष्टकं चालूच! लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर दोन्ही बदलून पाहिलं, फरक नाही. बुरशी लागलेल्या कॅसेट सध्या बाजूला ठेवल्यात.

बाहेर द्यायच्या नाहीत. दुसरी प्रत नाही आणि आजीचा आवाज फक्त यांतच आहे. टाइम बेस करेक्टर (कॅसेटचा थरथरता सिग्नल स्थिर करणारं यंत्र) परवडत नाही. त्याऐवजी व्हीसीआर आणि कॅप्चर कार्डाच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून सिग्नल स्थिर झाल्याचा कोणाला अनुभव आहे का? असल्यास मॉडेल कोणतं?